पांढरी चारची हजेरी

पहाटे साडेचारला शनिवार पेठेतून निघालो तेव्हा आम्ही सात जण होतो. सगळ्यात पुढे शेजारच्या चाची, डोक्यावर गलेफाचं, म्हणजे दर्ग्यात वाहायच्या चादरीचं, गाठोडं. हिरवं कापड, त्याला जरीची किनार, वर पांढऱ्या धुवट फडक्याची घडी. चाचींच्या घरचा रिवाज असा की कोल्हापुरातून निघालेला गलेफ मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. चहाला थांबलो तरी कुणीतरी एकाने तो धरून उभं राहायचं.

माझा नवस होता. मी शाळेत संगीत शिकवते. वर्गात सत्तर मुलं, शेजारी रस्ता, आणि वीस वर्षं वरच्या पट्टीत ओरडून सांगणं. दोन वर्षांपूर्वी आवाज बसला तो उठेना. तपासलं तर स्वरयंत्रावर गाठी. तीन महिने एक अक्षर बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात मी पाटीवर लिहून दाखवायची. त्या दिवसांत चाची रोज संध्याकाळी येऊन नुसत्या बसायच्या. एकदा उठता उठता म्हणाल्या, "मीरासाहेबांना बोल. तोंडानं नको, मनात बोल. खाँसाहेबांचं ऐकलं त्यांनी, तुझं न ऐकायला काय झालं?"

खाँसाहेब म्हणजे अब्दुल करीम खाँ. गाण्यातल्या किराणा घराण्याचं हे मोठं माणूस आजारपणात मिरजेला आलं, ख्वाजा शमना मीरांच्या, म्हणजे मीरासाहेबांच्या, पुढं गाऊन सेवा केली आणि बरं झालं, अशी कथा मिरजेत घरोघरी सांगतात. पुढं ते मिरजेचेच झाले. आवाज परत आला तर चालत येईन, असं मी मनातच बोलले होते.

आवाज आला. पण पूर्वीचा नाही.

त्या पहाटे निघताना आधी कोल्हापुरातल्या बाबूजमालला सलाम केला. अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर हा दर्गा, आणि त्याच्या कमानीवर गणपती. लहानपणी देवीचं दर्शन झालं की उदाचा धूर अंगावर घेतल्याशिवाय आई आम्हाला घरी नेत नसे. गावातल्या तालमींची नावंच बघा, बाराईमाम, काळाईमाम, अवचित पीर, बाबूजमाल. इथं वाढलेल्या माणसाला पीर वेगळा शिकावा लागत नाही.

कावळा नाका, पंचगंगेचा पूल, शिरोलीची एमआयडीसी. चांगलं उजाडलं तेव्हा हेर्ले मागं पडत होतं. तोवर मी अनवाणी होते. पुढं खडीनं तळवे सोलले म्हणून चप्पल घातली. चाची मात्र शेवटपर्यंत अनवाणीच चालल्या. रस्ता मोठा, उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जातात, धूळ डोळ्यात. हातकणंगल्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर, मग उदगाव. या टप्प्याचं मला फार काही आठवत नाही. गलेफ माझ्या डोक्यावर होता एवढं आठवतं. कापडाला वजन नसतं, पण मान ताठ ठेवावी लागते, आणि मान ताठ राहिली की श्वास आपोआप खाली पोटापर्यंत जातो. गाण्याच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी हेच शिकवलं होतं.

अंकलीला कृष्णा ओलांडली आणि चाची थांबल्या. नदीकडं तोंड करून त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, मग आम्ही मिरजेची वाट धरली. चाळीसच्या वर किलोमीटर झाले होते.

उरुसाच्या दिवसांत दर्ग्याभोवतीचं गाव ओळखू येत नाही. मलिद्याची पानं, फुलांच्या चादरी, लोबानचा धूर, खेळण्यांची दुकानं, पाळणे. या उरुसाची सुरुवात चर्मकार समाजाच्या गलेफानं होते. तो मान त्यांचा आहे. चाचींनी हे मला वाटेत दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तेवढ्याच अभिमानानं. आमचा गलेफ आत गेला. मी उंबऱ्यापाशीच थांबले. मुजावरांनी मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवला, तेव्हा मागायचं म्हणून काही सुचलंच नाही.

रात्रीच्या गाण्याला वेळ होता. चाची पाय चेपत बसल्या आणि मी सतारमेकरांच्या गल्लीत गेले. तंबोऱ्याच्या तारा घ्यायच्या होत्या. या मंडळींचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. फरीदसाहेब शिकलगारांपासून एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं बनायला लागली, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगले होते. एक वयस्कर कारागीर जवारी काढत, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून तंबोऱ्याचा नाद उघडत, बसले होते.

जवारी काढताना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. तार बाजूला सारायची, घोडीवर बारीक कानस एकदा, फार तर दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तार परत जागेवर, छेडायची, ऐकायचं. परत कानस. वरून नुसता सपाट दिसणारा तो पृष्ठभाग खरं तर किंचित उतरता असतो, आणि तार त्या उताराला निसटता स्पर्श करते म्हणून ती बोलते. मग सुताचा एक धागा तारेखाली सरकवला. तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पुढं, मग त्याच्या अर्धं मागं. आणि एका जागी तंबोरा असा उघडला की माझ्या अंगावर काटा आला.

"कुठला सूर लावता?" त्यांनी विचारलं.

वीस वर्षं माझा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. आजारानंतर मी सगळ्यांना तेच सांगत आले. कार्यक्रम टाळायचे, सर्दीचं कारण द्यायचं, घरी एकटी असताना दार लावून खाली गायचं. तिथं मात्र तोंडून निघून गेलं, "पांढरी चार." काळी चारपेक्षा खालचा सूर.

त्यांनी मान वर केली नाही. "मग तारा जरा जाड देतो," म्हणाले, पुडकं काढलं, सुतळीनं बांधलं आणि पैसे मोजून घेतले. बस. मी गल्लीच्या तोंडाशी येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले.

रात्री दर्ग्याच्या आवारात संगीत सभा. खाँसाहेब दर उरुसाला इथं गायचे. 1937 साली पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमलकोईल स्टेशनावर ते गेले. तब्येत बिघडली म्हणून गाडीतून उतरले, तंबोरा जुळवायला सांगितला, दरबारी रागाच्या सुरात प्रार्थना म्हटली आणि प्राण सोडला, असं सांगतात. त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून त्यांच्या आठवणीत गाणारे इथं येतात. इथं कुणी मैफल म्हणत नाही, हजेरी लावली म्हणतात. आमच्या कोल्हापुरात गवई भूर्जी खाँसाहेब अंबाबाईपुढं गात, तीही सेवाच. लहान मूल मांडीवर घेतलेल्या बायका, टोपीवाले म्हातारे, सतारीच्या पेट्या उशाला घेतलेली पोरं, सगळे जमिनीवर. नावाजलेला गवई उठला आणि त्याच सतरंजीवर एक विशीतली मुलगी बसली. टाळ्या कमी, माना जास्त हलत होत्या.

पहाटे दव पडलं. मंचावरचं गाणं थांबलं होतं, अजान अजून व्हायची होती. खाँसाहेबांच्या मजारीजवळ कुणी नव्हतं. चाची म्हणाल्या, "लाव की आता तुझी हजेरी. कोण नाही बघायला."

मी मोबाईलवर तंबोरा लावला, पांढरी चार. षड्ज लावला. बराच वेळ नुसता षड्जच धरून ठेवला, खाँसाहेबांच्या घराण्यात सुराशी असंच बसतात. मग भैरवातला कोमल रिषभ, हळूच. वरच्या षड्जाला आवाज फाटला. मी थांबले नाही, खाली उतरले, परत वर गेले. परत फाटला. तिसऱ्यांदा तो लागला की नाही मला सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात अजान सुरू झाली आणि मी फोन बंद केला.

चाचींनी पदर डोक्यावर घेतला. अजान संपल्यावर पानातला मलिदा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. घसा कोरडा पडला असंल."