टांग

दुपारचे अडीच वाजले असतील. पेट्रोल भरून झालं होतं, पण उन्हाकडे बघून पंपाच्या छपराखालून गाडी बाहेर काढायचं जिवावर आलं होतं. म्हणून हवेच्या पाइपजवळ गाडी लावून उगाच हेल्मेटच्या काचेवरची चिलटं पुसत उभा होतो. तेवढ्यात एक गाडी आत शिरली. वळताना दोन गिअर पटापट खाली, गाडी एका अंगाला झुकली, सरळ झाली आणि पंपापासून वीतभर अंतर सोडून चिडीचूप उभी राहिली. एकही हालचाल वाया गेली नाही. मनात म्हटलं, गद्धेपंचविशीतला गडी दिसतोय, पण हात बरा आहे.

मग तो उतरायला लागला. आधी साइड स्टँड. मग डावा पाय जमिनीवर घट्ट. आता उजवा पाय मागून आणायचा, तर दोन बाजूंना दोन पेट्या आणि सीटच्या शेपटाला तिसरी. पाय वर गेला, मधेच थांबला, त्याने जरा विचार केला, आणि टाच तिसऱ्या पेटीला घासून खर्रकन खाली आली. आवाज इतका ओळखीचा की माझी मान आपोआप वर झाली. हेल्मेट निघालं. आत पांढरेशुभ्र केस, घामाने कपाळाला चिकटलेले, आणि सत्तरीला टेकलेला चेहरा.

इथून पुढे 'ते' म्हणायला हवं. हेल्मेट डोक्यावर असेपर्यंत माणूस 'तो' असतो, काढलं की 'ते' होतो. तर त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून चाळिशी काढली, नाकावर ठेवली आणि टाकीच्या झाकणातलं किल्लीचं भोक शोधायला लागले.

त्यांच्या पेटीच्या कोपऱ्यावर ओरखड्यांचा अख्खा झुबका होता. काही जुने, मळून काळे पडलेले. काही ताजे, पांढरे. माझ्याही पेटीवर आहेत, तिथेच. डाव्या बाजूने चढणाऱ्या सगळ्यांच्याच तिथे असतात.

मोटारसायकलवाल्याचं वय ओळखायला जन्मतारीख लागत नाही, टांग बघावी. विशीत टांग मारली जाते, म्हणजे गाडी कुठे आहे याकडे न बघताच. चाळिशीत ती टाकली जाते. पन्नाशीनंतर उचलावी लागते, आणि उचलण्याआधी आजूबाजूला कोणी बघत नाही ना, हे बघावं लागतं. मी दोन वर्षांपासून घोड्यावर बसतात तसा बसतो. डावा पाय फुटरेस्टवर, त्यावर उभं राहायचं आणि वरून उजवा पाय पलीकडे. कुणी विचारलं तर सांगतो की सामान लादलेल्या गाडीवर चढायची हीच शास्त्रशुद्ध पद्धत. अशाने सगळा भार बिचाऱ्या साइड स्टँडवर पडतो आणि त्याला ते मानवत नाही, हे सांगत नाही. एक दिवस ही टांग मला टांग देणार आहे, एवढं मला ठाऊक आहे.

आणि पेट्या काढून ठेवाव्यात म्हटलं तर मग ती गाडी कसली? स्पोर्ट टुरिंग हा प्रकारच मुळी काही सोडवत नसलेल्या माणसांचा. वळणावर गाडी झोपवायचा नाद सुटत नाही, पाठ मात्र दिवसभर ओणवं बसू देत नाही. मग हँडल जरा वर, फुटरेस्ट जरा खाली, छातीवर वारा येऊ नये म्हणून पुढे मोठी फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं कवच, आणि मागे संसार. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस काढली. वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून घडवलेली पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच अंगावर घालून आलेली ही गाडी. या घराण्याची मूळ आजी तीच, असं मी मानतो. १९९० च्या होंडा एसटी ११०० ची पेट्रोलची टाकी २८ लिटरची होती. टाकी रिकामी व्हायच्या कितीतरी आधी स्वाराची दुसरी टाकी भरायची, आणि ही अडचण वयाबरोबर वाढतच जाते. २००१ च्या यामाहा एफजेआर १३०० ची पुढची काच बटणाने वरखाली होते.

या गाड्यांची जाहिरात बघितली तर सगळी चर्चा ताकदीची आणि वेगाची. पण घेणारा काय बघतो ते मला विचारा. चेनऐवजी शाफ्ट आहे का? शाफ्ट असला की दर काही शे किलोमीटरला गाडीशेजारी उकिडवं बसून चेनला तेल घालायला नको. उकिडवं बसण्याबद्दल तक्रार नाही, उठण्याबद्दल आहे. मुठी गरम होतात का? डबल स्टँड आहे का? सीटची उंची किती? हे सगळं 'लांबच्या प्रवासासाठी' या सबबीखाली विचारायचं असतं. दुकानदारही शहाणा असतो, तोही 'लांबच्या प्रवासाला एकदम बेस्ट' असंच म्हणतो. गुडघा हा शब्द कोणीच काढत नाही.

अमेरिकेत मोटारसायकल बाळगणाऱ्यांचं मध्यक वय १९९० साली ३२ होतं आणि २०१८ साली ५०. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत अठरा वर्षांनी वाढलं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, म्हातारी माणसं गाड्या घ्यायला लागली की काय. मग लक्षात आलं, छे, ही तीच माणसं. कोणी उतरलंच नाही. बसल्या बसल्या म्हातारी झाली.

रेसवाल्यांचं वेगळं. तिथे पस्तिशीतच 'जुना' म्हणतात. माइक हेलवूड अकरा वर्षांनी आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत परतला आणि १९७८ साली जिंकला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. वय होतं अवघं ३८! आमच्यात अडतीस म्हणजे पोरगं. आम्हाला आपले बर्ट मन्रो बरे. न्यूझीलंडच्या या गृहस्थांनी १९२० सालची आपली इंडियन स्काउट घरच्या घरी ठोकून, ओतून, घासून १९६७ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी २९५ किलोमीटरच्या वर पळवली आणि आपल्या गटातला विक्रम केला. स्वार अडुसष्ट, गाडी सत्तेचाळीस. दोघांची बेरीज केली तर शंभरी ओलांडते. किंवा टेड सायमन घ्या. हा इंग्रज पत्रकार १९७३ मध्ये ट्रायम्फवर बसून जगाच्या फेरीला निघाला, चार वर्षांनी परतला. मग २००१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, आपण कुठे काय बघितलं होतं ते आता कसं दिसतं हे बघायला पुन्हा निघाला. मला पहिल्या फेरीपेक्षा या दुसरीचं जास्त कौतुक आहे. पहिल्या वेळी टांग मारली असेल. दुसऱ्या वेळी उचललीच असणार.

कौतुकावरून आठवलं. 'या वयात कशाला?' असं विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. ती माणसं सरळ असतात. राग येतो तो 'या वयातही!' म्हणणाऱ्यांचा. तो 'ही' फार वाईट. त्या एका अक्षरात आपला सगळा गाशा गुंडाळून ठेवलेला असतो.

खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. ताशी शंभरने जाताना सेकंदाला अठ्ठावीस मीटर मागे पडतात, आणि ब्रेककडे जाणारा माझा हात अर्धा सेकंद उशिरा निघाला तर चौदा मीटरचा हिशेब कुणीतरी चुकता करायचा असतो. मान पूर्वीसारखी मागे वळत नाही, म्हणून मी आरशांवर जास्त विसंबतो, आणि आरसे अर्धंच सांगतात. हेल्मेटमध्ये चष्म्याच्या काड्या सरकवायची कला तर शिकावीच लागते. आधी हेल्मेट, मग चष्मा, एक काडी कानावर आणि दुसरी हमखास कानात. पण यातलं काहीही मला वेगात भेटलेलं नाही. मला जे भेटलं ते उभ्या गाडीवर.

मागच्या वर्षी एका वळणावर दरी छान दिसत होती म्हणून थांबलो. रस्त्याला बाहेरच्या अंगाला उतार होता. उजवा पाय टेकवायला गेलो आणि जमीन वाटली होती त्यापेक्षा चार बोटं खाली निघाली. बस, चार बोटं. पुढचं सगळं अगदी सावकाश झालं. एका ठरावीक कोनापर्यंत गाडी माझ्या हातात होती, त्यानंतर मी तिच्या. सामानासकट तीनशे किलोंच्या वर असेल. ती पडली म्हणायचीही सोय नाही. मी तिला हळूच निजवली आणि शेजारी उभा राहिलो.

उचलायची रीत मला पाठ आहे. इंजिन बंद करायचं, पहिल्या गिअरमध्ये टाकायची, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून बुड सीटला टेकवायचं, एका हाताने मूठ, दुसऱ्याने मागची कडी धरायची, आणि पाठीचं नावही न काढता मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटत न्यायचं. मी बुड टेकवून, दीर्घ श्वास घेऊन तयार झालो होतो. अगदी उचलणारच होतो. तेवढ्यात दोन पोरं थांबली. "काका, सरका तुम्ही," म्हणाली आणि एका झटक्यात गाडी उभी. इंडिकेटर तुटला होता, लिव्हर वाकला होता. ते दोन्ही महिन्याभरात बदललं. 'सरका' अजून बदलता आलेलं नाही.

मी मोटारसायकलवर पहिल्यांदा बसलो तो टाकीवर. बाबा टाकीवर रुमालाची चौपट घडी टाकायचे, कारण उन्हाने पत्रा तापलेला असायचा आणि माझी हाफचड्डी तोकडी. दोन्ही हातांनी हँडलचा मधला दांडा धरायचा, पाय इंजिनापासून लांब ठेवायचे. बाबांची हनुवटी बरोबर माझ्या टाळूवर यायची. खड्डा आला की टक्. मी डोक्याने खड्डे मोजायचो. चढावर इंजिनाचा आवाज जड झाला की तो टाकीतून थेट पोटात यायचा, आणि मी पुढे वाकून गाडीला मदत करायचो. वळणावर मी बाबांच्या आधी झुकायचो. गाडी मीच चालवतोय, बाबा फक्त मागे बसलेत, याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "आता मागे बस. तुझ्या डोक्याने पुढचं दिसत नाही." मोठा झालो म्हणून आनंद व्हायला हवा होता. मागच्या सीटवर बसल्यावर समोर नुसता बाबांचा शर्ट. मी रस्ता कडेने बघायला शिकलो.

पुढे केव्हातरी गाडी मला मिळाली. कशी, ते आठवत नाही. किल्ल्या हातात यायची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. पण उलटा प्रसंग नीट आठवतो. आम्ही दोघं कुठूनतरी परतत होतो, अंधार पडायला लागला होता. बाबांनी मधेच गाडी बाजूला घेतली, उतरले आणि म्हणाले, "तू घे पुढे. समोरचे दिवे डोळ्यांवर येतात." एवढंच. मला वाटलं, दमले असतील. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या तुलनेत तिसरा हिस्साच उजेड पोचतो, हे मी फार नंतर वाचलं. मागे चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, टांग टाकली, बसले, आणि हात काढायला विसरले. घर येईपर्यंत तो तिथेच होता. बाबा पुढे गाडी घेऊन कधी गेल्याचं मला आठवत नाही. त्या वेळी ते छप्पन्न वर्षांचे होते. हा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही, एकदा रात्री समोरच्या ट्रकचा दिवा डोळ्यांवर आला तेव्हा आपोआप झाला.

पंपावरचे ते गृहस्थ तोवर पैसे देऊन, चाळिशी खिशात टाकून, हेल्मेट कोपरात अडकवून माझ्याजवळ आले होते. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक सावकाश चक्कर मारली. मागच्या पेटीपाशी थांबले. ओरखड्यांवरून बोट फिरवलं, काही बोलले नाहीत, पण ओळख पटल्यासारखे हसले. मग पुढे येऊन मला विचारलं,

"किती झालंय?"

मी अजून त्या अंधाऱ्या रस्त्यावरच होतो.

"त्रेपन्न," म्हटलं.

"हजार?"

मीटर चालू होतं. एक्काहत्तर हजारांचा आकडा ढळढळीत दिसत होता. पण त्यांची चाळिशी खिशात होती.

"हो," मी म्हटलं.