आत्यासोबत ओल्ड गोवा, आग्वाद आणि एका जज्जबाईंची गोष्ट

आत्या ऑक्टोबरअखेर रिटायर झाली. आधी कणकवली, मग सावंतवाडी आणि शेवटी ओरोसचं जिल्हा कोर्ट, सगळं मिळून ३४ वर्षं स्टेनो. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि घरी आल्यावर ती दोन दिवस नुसती पडवीत बसून होती. त्याच सुमारास तिकडे दक्षिण आफ्रिकेच्या जज्ज नवी पिल्ले यांनीही वयाच्या ८४ व्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचं काम सोडलं. माझं एलएलएम झालं तेव्हा मी त्यांच्या निकालांवर लिहिलं होतं, त्यामुळे ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली. तिनं फक्त विचारलं, "ही बाय कोण गो?" उत्तर द्यायला मला दोन दिवस आणि अख्खा गोवा लागला, ते हे प्रवासवर्णन.

जानेवारीत निघालो, नाताळ-न्यू इयरची गर्दी ओसरल्यावर. आत्याला बीच नको होता. "माका आग्वाद दाखव, समुद्र आमच्या वेंगुर्ल्याक पण आसा," हे तिनं आधीच सांगून टाकलेलं. सावंतवाडीहून सकाळची बस, बांदा गेलं की पत्रादेवी, तिथलं १९५५ च्या सत्याग्रहींचं हुतात्मा स्मारक खिडकीतून दिसलं तेव्हा आत्यानं हात जोडले. म्हापशात गाडी बदलली, पणजीत पोचून पातळ भाजी-पाव आणि चहा, आणि लगेच ओल्ड गोव्याची बस पकडली.

बसमध्ये मी सुरुवात केली. १९४१ चा जन्म, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन, तमिळ वंशाचं घर, वडील बस ड्रायव्हर. (आत्यानं लगेच पुढे ड्रायव्हरकडे बघितलं.) वर्णभेदाचा काळ, म्हणजे वकील झाली तरी गोऱ्या जज्जांच्या चेंबरमध्ये पाऊल टाकायची परवानगी नाही. १९६७ मध्ये नाताळ प्रांतात स्वतःचं ऑफिस उघडणारी ती पहिली बिगरगोरी बाई. नवऱ्याला पोलिसांनी उचललं तेव्हा त्याच्यावर बेकायदा पद्धतीनं चौकशी करू नये म्हणून हिनं कोर्टातून मनाई हुकूम आणला, आणि १९७३ मध्ये रॉबेन बेटावरच्या कैद्यांना, ज्यात मंडेलाही होते, वकिलाला भेटायचा हक्क मिळवून दिला. पुढे १९९५ मध्ये त्याच मंडेलांनी तिला हायकोर्टाची जज्ज म्हणून नेमलं. आत्या म्हणाली, जज्जांच्या चेंबरात शिरायला बंदी ते स्वतःचं चेंबर. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि मला माहितीये ती गप्प बसते तेव्हा डोक्यात काहीतरी टाईप करत असते.

ओल्ड गोव्यात उतरल्यावर सगळे जातात तसं आम्ही पण बॉम जेझूसमध्ये गेलो, मग समोर से कॅथेड्रल, तिथली ती प्रसिद्ध सोन्याची घंटा. चर्चेस सुंदर आहेत, प्रश्नच नाही, पण मला आत्याला जी जागा दाखवायची होती तिथं बघायला काहीच उरलेलं नाहीये. कॅथेड्रलच्या जवळच इन्क्विझिशनचा वाडा होता, लोक त्याला नुसतं 'ओर्लें घर' म्हणायचे, मोठं घर. मुळात तो आदिलशहाचा राजवाडा. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, इथं ते धर्मकोर्ट चाललं. आता हिरवळ, झाडं, सेल्फी काढणारी पोरं.

तिथं कठड्यावर बसून मी तिला शार्ल देलाँची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच डॉक्टर, दमणला पकडला, १६७४ मध्ये इथं आणून कोंडला. त्याला गुन्हा काय ते सांगितलंच नाही, उलट विचारत राहायचे की तूच आठव आणि तूच कबूल कर. कोणी तक्रार केली, साक्षीदार कोण, काही कळायचं नाही. १६७६ मध्ये शिक्षा ऐकवली. तो पुढे सुटला आणि त्यानं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला एवढं तरी माहितीये, ज्यांना लिहिता आलं नाही त्यांचं काय!

आत्याचं पहिलं वाक्य: "म्हणजे दोषारोप नाही, उलटतपास नाही. मग ता कोर्ट कसला?"

इथून मी अरुशाला गेले, म्हणजे गोष्टीत. टांझानियातलं शहर. १९९४ मध्ये शेजारच्या रवांडात तुत्सींचा वंशसंहार झाला, त्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी तिथं कोर्ट बसवलं, आणि पिल्ले त्या कोर्टावर निवडून गेल्या. सुरुवातीला तिथं जज्जांमध्ये बाई त्या एकट्याच. पहिल्या मोठ्या केसमध्ये आरोपी होता जाँ-पॉल अकायेसू, ताबा नावाच्या गावांच्या गटाचा प्रमुख, आपल्याकडचा सभापती समजा. आरोपपत्रात खून, वंशसंहार सगळं होतं पण बलात्काराचा एक शब्द नव्हता. मग एक साक्षीदार बाई आली, कागदावर तिचं नाव फक्त 'जे'. ती दुसऱ्याच घटनांबद्दल सांगायला आली होती आणि बोलता बोलता म्हणाली की माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर तीन माणसांनी बलात्कार केला. सरकारी वकिलांच्या यादीत हे नव्हतंच. बेंचवरून प्रश्न विचारले गेले. नंतर 'एच' नावाची दुसरी बाई बोलली. आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं गेलं.

आत्यानं मला इथं थांबवलं आणि ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, तिच्या मालवणीत सगळं नाही पण अर्थ तोच. म्हणाली, तुला माहितीये का किती बायका असं बोलता बोलता काहीतरी बोलून जातात? पिंजऱ्यात उभी असते, सरतपासात एक वाक्य निसटतं, आणि वकील म्हणतो हे रेलेव्हंट नाही, साहेब पुढे जातात, मी बोटं थांबवते. ते वाक्य कागदावर येतच नाही. साहेबांनी सांगितलं तरच मी टाईप करणार ना.

३४ वर्षांत तिनं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मग तिनं एक अवघड प्रश्न विचारला. तिथं पण साक्षीदाराचं नाव लपवलंच की, आणि इथं या मोठ्या घरात पण लपवत होते, फरक काय? मला आवडलं, कारण वर्गात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. फरक असा की अरुशात नाव जगापासून लपवलं होतं, आरोपीपासून नाही. अकायेसूच्या वकिलाला 'जे' कोण ते माहिती होतं, त्यानं तिची उलटतपासणी घेतली. इथं उलटं होतं, ज्याला जाळायचं त्यालाच माहिती नाही कोणाच्या सांगण्यावरून.

२ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय कोर्टानं कोणालातरी दोषी ठरवण्याची ती पहिली वेळ, आणि बलात्कार हा सुद्धा वंशसंहाराचाच एक मार्ग असू शकतो हे म्हणण्याचीही पहिली वेळ. बेंचवर तिघं होते, सेनेगलचे लायटी कामा अध्यक्ष, स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन आणि पिल्ले, त्यामुळे सगळं श्रेय एकटीला देणं बरोबर नाही, पण त्या बेंचवर ती बसली नसती तर असंच झालं असतं असं मला वाटत नाही.

दुपारी पणजीला परत आलो, शीत-कडी, तिसऱ्या आणि किसमूर खाल्लं, आणि लॉजवर आत्या चक्क झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोटीनं बेती. मांडवीवर हलकं धुकं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, स्कूटरवाले. याच बेतीत १९५५ मध्ये पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोवा मुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे गोळी लागून पकडले गेले. सांगलीचा माणूस, गोव्यात शिक्षक म्हणून आला होता. पोर्तुगीज कोर्टानं २६ वर्षं ठोकली, नंतर पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं, आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी हे आतच, सुटले ते थेट जानेवारी १९६९ मध्ये. आत्याला हे सगळं माहिती होतं, तिच्या वडिलांनी म्हणजे माझ्या आजोबांनी सांगितलेलं.

बेतीहून बसनं कांदोळी, तिथून रिक्षा. आग्वादचा किल्ला १६१२ चा, वरचा दीपगृहाचा भाग सगळे बघतात, पण खाली पाण्याला लागून जो तुरुंग आहे त्याचं आता म्युझियम केलंय. आत गेल्यावर बाहेरचा उजेड एकदम दूर गेल्यासारखा वाटतो. गोवा मुक्तिलढ्यातले नेते टी. बी. कुन्हांना इथल्या अंधाऱ्या दमट कोठडीत ठेवलं होतं. १९४६ मध्ये त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवला, सिव्हिलियन माणसावर गोव्यात असा खटला पहिल्यांदाच, ८ वर्षं शिक्षा आणि रवानगी पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात. आत्या कोठडीच्या दारात बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांची जबानी कोणी टाईप केली असात?" मी आतापर्यंत कुन्हांबद्दल वाचलेलं सगळं आठवून बघितलं, स्टेनोचा विचार एकदाही आला नव्हता.

बाहेर तटावर बसलो. वारा जबरदस्त. राहिलेलं मी भराभर सांगितलं, पिल्ले पुढे त्या कोर्टाच्या अध्यक्ष झाल्या, २००३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्या १८ जज्जांमध्ये आल्या, २००८ ला ते सोडून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त झाल्या, २०१४ पर्यंत. डिसेंबर २००३ मधला रवांडातल्या रेडिओ आणि छापील पत्रवाल्यांचा निकालही त्यांच्याच अध्यक्षतेखालचा, हातात शस्त्र न घेता नुसत्या प्रक्षेपणानं आणि छापील शब्दांनी माणसं मारवली म्हणून तिघांना शिक्षा झाली. अपिलात २००७ मध्ये शिक्षा कमी झाल्या, हे पण सांगायला हवं. भारत हेगच्या त्या कोर्टाचा सदस्य नाहीये म्हणून आपल्या देशाचा नागरिक तिथं जज्ज होऊ शकत नाही, हे ऐकून आत्याला वाईट वाटलं.

पण तिला खरं धरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. अकायेसूच्या निकालात बलात्काराची व्याख्या करताना त्यांनी अवयवांची आणि वस्तूंची यादी द्यायला नकार दिला. जबरदस्तीच्या परिस्थितीत माणसावर केलेलं लैंगिक स्वरूपाचं शारीरिक आक्रमण, एवढंच. आणि जबरदस्ती म्हणजे मारहाणच पाहिजे असं नाही, बाहेर हत्यारं घेतलेली माणसं उभी असणं पुरेसं आहे. आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या मथुरा केसमध्ये (मथुरा हे त्या मुलीचं नाव) सुप्रीम कोर्टात अंगावर जखमा नाहीत म्हणून बलात्काराच्या आरोपातून पोलीस सुटले होते, ते आठवून बघा. आत्या म्हणाली, ती यादी मी ३४ वर्षं टाईप केलीये. कुठं, किती, कशानं. बाई खाली मान घालून सांगते, मालवणीत, साहेब ते शुद्ध मराठीत करून सांगतात आणि माझ्या कागदावर येईपर्यंत ती बाई त्यात उरत नाही.

मी सांगितलं की अरुशातही हाच घोळ होता. साक्षीदार किन्यारवांडा भाषेत बोलायचे, ते फ्रेंचमध्ये, मग इंग्लिशमध्ये. बलात्कारासाठी बायका चार वेगवेगळे शब्द वापरत होत्या, त्यातल्या एकाचा शब्दशः अर्थ जोरानं घेणं. निकालात त्या चारही शब्दांची वेगळी नोंद आहे, त्यांनी ते शब्द पुसले नाहीत.

"चारय लिवले?" आत्यानं विचारलं.

चारही.

परतीच्या बसमध्ये म्हापसा सोडल्यावर तिनं विचारलं की हा निकाल मराठीत आहे का. मी अजून तरी कुठं बघितलेला नाही. मग म्हणाली, तू सांग, मी टाईप करतंय, घरी बसून काय करू.

गेल्या रविवारी सुरू केलंय. पहिल्यापासून नाही, परिच्छेद ५९८ पासून, जिथं ती व्याख्या आहे. दोन तास झाले आणि एकाच शब्दावर अडलोय, 'आक्रमण' म्हणायचं की 'अतिक्रमण'. आत्या म्हणते आक्रमण म्हटलं की सैन्य डोळ्यासमोर येतं आणि अतिक्रमण म्हटलं की रस्त्यावरच्या टपऱ्या, आणि ओरोसच्या कोर्टात उभी राहणारी बाई यातलं काहीच म्हणत नाही. ती काय म्हणते ते आत्याच्या जुन्या शॉर्टहँडच्या वह्यांमध्ये कुठंतरी असेल का, म्हणून काल माळ्यावरची ट्रंक खाली काढलीये.