तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉल संपलं तरी गुण कसले मोजता?

गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळीच्या फराळाला, अगदी कोल्हापूरहून येणाऱ्या फोनवरसुद्धा हा प्रश्न ठरलेला. "अमेरिकेत आयोवात राहता, तिथला सप्टेंबरचा फुटबॉलचा सामना झाला की विषय संपला ना? मग उन्हाळा येईपर्यंत गुण कसले मोजता?"

साय-हॉक मालिकेचे. एम्स गावचं आयोवा स्टेट विद्यापीठ म्हणजे सायक्लोन्स, आयोवा सिटीचं आयोवा विद्यापीठ म्हणजे हॉकाइज. ही दोघं वर्षभर ज्या ज्या खेळात समोरासमोर येतात, त्यांचे गुण एकत्र धरून 2004 पासून एक करंडक दिला जातो. फुटबॉल (अर्थात अमेरिकन फुटबॉल) जिंकलं की तीन गुण, बाकीच्या खेळांना दोन. माझा जीव जडला तो या तीन आणि दोनवर. फुटबॉलला आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या आसपास माणूस जमतं. मुलींच्या जिमनॅस्टिक्सला त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं नसतं. तरी हिशेबात फरक एका गुणाचा! मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

त्यात कुस्ती आहे, हे मला इथे आल्यावर कळलं आणि मी कायमचा अडकलो. वडिलांच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या पाहिलेला माणूस मी. इथली कॉलेजची कुस्ती मॅटवरची, नियमही निराळे. समोरच्याला किती वेळ खाली दाबून ठेवलं याचासुद्धा गुण मिळतो. पण पटात घुसणारा पोरगा तोच, कान तसेच मोडलेले. डॅन गेबल हा इथला दंतकथा झालेला मल्ल. घडला आयोवा स्टेटमध्ये, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण जिंकला, आणि पुढे वस्ताद झाला तो हॉकाइजचा! त्यांना 15 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. कोल्हापुरात गंगावेश तालमीचा मल्ल शाहूपुरी तालमीचा वस्ताद झाला तर पेठेत काय बोललं जाईल, तेवढं डोळ्यांपुढे आणा.

पण विचारलंत तर मला आठवते ती कुस्ती नाही. एम्सच्या हिल्टन कोलिझियममध्ये मुलींच्या जिमनॅस्टिक्सचा सामना होता, बीमचा फेरा चालू होता. दहा सेंटिमीटर रुंदीची ती पट्टी, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. एका संघाच्या सहाजणी चढतात, पाचजणींचे गुण धरतात. म्हणजे एक पडली तर चालतं. एम्सची तिसरी मुलगी पडली. उठली, परत चढली, ओठ घट्ट मिटून राहिलेलं सगळं पुरं केलं. आता चौथीला पडायची मुभा नव्हती, आणि ते तिला ठाऊक होतं. तिने तळहातांना पावडर चोळली, बीमवर एकदा बोटं टेकवली. मागची उलटी कोलांटी घेताना तिचा डावा पाय थरथरला, पुरा एक क्षण. माझ्या शेजारी काळ्या-सोनेरी टोपीतल्या हॉकाइजवाल्या आजी बसल्या होत्या, त्यांनीही श्वास रोखला होता. ती सावरली. उतरली तेव्हा दोन्ही पाय मॅटवर रुतल्यासारखे उभे.

त्या रात्री एम्स हरलं, अगदी थोडक्यात. घरी येऊन फ्रिजवरच्या कागदावर मी हॉकाइजच्या रकान्यात दोन लिहिले.