रफ्लेशिया बघताना आधी पायाखाली बघा

कोटा किनाबालू, कुंदासांगची थंडी, रानाऊचा बाजार हे सगळं एका वाक्यात उरकतो. किनाबालू डोंगर चढायचा नव्हताच. बोर्निओ बेटावरच्या साबा या मलेशियन राज्यात गेलो होतो ते पोरिंग गावाच्या रस्त्यावरच्या हाताने रंगवलेल्या पाटीसाठी. रफ्लेशिया हे दुसऱ्या वेलीवर जगणारं महाकाय फूल उमललं की जमिनीचा मालक पाटी रस्त्यावर लावतो, फूल गेलं की काढून घेतो. त्यामुळे आगाऊ बुकिंगच्या भानगडीत पडू नका.

पाटी दिसली की आधी विचारा, आज कितवा दिवस? कळी पूर्ण उघडायला दिवसभर तरी लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाच जाड पाकळ्या विटकरी लाल, त्यावर पांढरे फोड. चौथ्यानंतर कडा काळवंडतात आणि आठवड्यात सगळ्याचा काळा लगदा होतो. वासाचा उगाच बाऊ केलाय. नाक जवळ नेल्याशिवाय सडक्या मांसाचा वास येत नाही.

इथली जात रफ्लेशिया कीथी. फूल ८०-९० सेंटिमीटरपर्यंत जातं. याला ना पान, ना खोड, ना मूळ. आपल्या बांडगुळाला निदान हिरवी पानं असतात. हे मात्र टेट्रास्टिग्मा नावाच्या, द्राक्षाच्या कुळातल्या वेलीत धाग्यांसारखं पसरून राहतं आणि फक्त फुलायला बाहेर येतं.

म्हणूनच त्या दिवशी डोकं फिरलं. एका टूरमधले गृहस्थ सेल्फीसाठी दोरी ओलांडून आत गेले आणि फुलाला धक्का लागू नये म्हणून अगदी जपून, बरोबर वेलीवर उभे राहिले! फूल चार दिवसांत जाणारच होतं. पण वेलीची साल चिरडली, की आतल्या सगळ्या पुढच्या कळ्यांचा आधार जातो. वेल मेली की रफ्लेशिया मेलंच. शेजारी कोबीच्या गड्ड्याएवढी कळी पालापाचोळ्यात अर्धी बुडालेली होती. ती त्यांना दिसलीही नाही. अशी कळी वाढायला नऊ महिन्यांहून जास्त लागतात आणि बहुतेक कळ्या वाटेतच जातात: पावसात कुजतात, जनावरं कुरतडतात, कुणी बाळंतिणीच्या औषधासाठी खुडून नेतं.

जगलेल्या कळीचीही खात्री नाही. नर आणि मादी फुलं वेगळी. मधल्या काटेरी चकतीच्या कडेखाली नराचे परागकोश असतात. माशी तिथे शिरली की ओलसर पराग तिच्या पाठीला चिकटतो. मग जवळपास मादी फूल त्याच दिवसांत उघडं असायला हवं. ते जुळलं तरच फळ, आणि त्यात हजारो बारीक बिया. पण बी कुंडीत पेरून रोप येत नाही. जावातल्या बोगोर उद्यानात २०१०मध्ये रफ्लेशिया पात्मा फुललं, तेही आधीच रफ्लेशिया शिरलेल्या वेलीची फांदी दुसऱ्या वेलीवर कलम करून.

मग जागेवर सांभाळणं एवढंच उरतं. २०२३च्या एका आढाव्यात ४२ ज्ञात जातींपैकी २५ अतिशय संकटग्रस्त निघाल्या आणि ज्ञात ठिकाणांपैकी दोन तृतीयांश संरक्षित क्षेत्राबाहेर. म्हणजे अशी खासगी शेतं. तीस रिंगिट दिले तेव्हा मीही कुरकुरलो, पण जोवर वेलीतून पैसे येतात तोवर मालक ती तोडून तिथे दुसरं पीक घेणार नाही. कासच्या पठारावर शुल्क आणि कुंपण आलं तेव्हा आपल्याकडेही बोंब झालीच होती. माझी तक्रार एकच: एका वेळी पाचच माणसं सोडा आणि दोरी वेलीच्याही बाहेरून बांधा.

पोरिंगला पाटी नसेल तर क्रॉकर रांगेतल्या तांबुनानच्या रफ्लेशिया केंद्रात विचारा. तिथलं रफ्लेशिया प्रायसी आकाराने बरंच लहान, साधारण ३० सेंटिमीटर, पण डोंगरातल्या खऱ्या जंगलात. मला तेच जास्त आवडलं. पूर्ण बूट घाला, जळवा आहेत.