फ्रीबीएसडीचा लॅपटॉप, नोंद ६: एका अवतरणचिन्हाचा घोळ

जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) घालून त्याचा घरगुती बॅकअप सर्व्हर करायचं काम रेंगाळत चाललंय. या आठवड्यात बेत एवढाच होता: एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायची सोय) सुरू करायचं आणि त्याच्या कीबोर्डला रामराम ठोकायचा. आरसी.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलच्या तळाशी एक ओळ घातली, रीबूट मारलं. लॉगिनऐवजी पडद्यावर आलं ‘अनटर्मिनेटेड क्वोटेड स्ट्रिंग’, आणि खाली विचारणा: शेलचा (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामचा) पूर्ण पाथ द्या, नाहीतर एंटर दाबा.

घाबरून मी पॉवरचं बटण दाबून धरलं. सुदैवाने रूट (मुख्य फाइल सिस्टिम) तोवर रीड-ओन्लीच, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, माउंट होतं, त्यामुळे डिस्कला धक्का लागला नाही. पुन्हा चालू करून मेन्यूत २ दाबलं, म्हणजे सिंगल युजर, दुरुस्तीचा मोड. (न दाबताही गाडी तिथेच येऊन थांबली असती. आरसी.कॉन्फ ही शेल स्क्रिप्टच. ती वाचताना आरसी (बूटची मुख्य स्क्रिप्ट) कोलमडला की इनिट (तो चालवणारा पहिला प्रोग्राम) आपसूक सिंगल युजरमध्ये उतरतो.)

एंटर दाबल्यावर नुसता ‘#’. आधी एफएससीके (डिस्क तपासणारी आज्ञा) चालवून घेतलं, सगळं स्वच्छ. मग ईडी हा जुना ओळीओळीचा एडिटर उघडायला गेलो, तर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’: त्याला /tmp मध्ये तात्पुरती फाइल लिहायची असते. माउंट -यू / चालवून रूट लिहिण्याजोगं केलं आणि पुन्हा उघडला. हा बाबा फारसा बोलत नाही. फाइल किती बाइटची ते सांगितलं, ३१२, आणि गप्प. पी दाबल्यावर शेवटची ओळ दिसली:

एसएसएचडी_एनेबल="यस

मिटवणारं अवतरणचिन्हच नाही! एस/$/"/ देऊन ते चिकटवलं, डब्ल्यू दाबून जतन केलं. ३१३. एका बाइटचा इतका आनंद मला आजवर झाला नव्हता. क्यू, मग एक्झिट, आणि बूट पुढे सरकून लॉगिन आलं.

या सगळ्यात पासवर्ड कुणी विचारला नाही, हे लक्षात आलं का? टीटीवायएस (टर्मिनलांची यादी असलेल्या) फाइलमध्ये कन्सोल, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा-कीबोर्ड, ‘सिक्युअर’ आहे, म्हणून. ‘इनसिक्युअर’ केलं की रूट या मुख्य खात्याचा पासवर्ड मागतो. लॅपटॉप माझ्याच कपाटात राहणार, शिवाय पासवर्ड विसरण्यात माझा हातखंडा. तेव्हा आहे तसंच ठेवलंय.

यापुढे आरसी.कॉन्फला थेट हात लावणार नाही. सिसआरसी (ही फाइल बदलून देणारी आज्ञा) वापरला की अवतरणं तोच घालतो. हाताने लिहायचीच वेळ आली तर रीबूटआधी एसएच -एन, म्हणजे न चालवता नुसती व्याकरणाची तपासणी.

एसएसएच चालू झालं. बॅकअपची डिस्क अजून खोक्यातच आहे.