हिरव्या पडद्यापासून ब्राउझरपर्यंत: आमची वाटचाल

आमची फर्म वेबसाइट बनवणाऱ्यांची नव्हे. आम्ही दोघं भागीदार मूळचे आरपीजीवाले, म्हणजे आरपीजी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करणारे. एएस/४०० या आयबीएमच्या संगणकावरचं बिलिंग, स्टॉक, पगारपत्रक सांभाळायचं आणि वर्षअखेरीस रिपोर्ट जुळेना की रात्र काढायची, हा आमचा धंदा. १९८८ साली आलेल्या या मशीनचं नाव बदलत बदलत २००८ मध्ये 'आयबीएम आय' झालं. ग्राहक अजूनही 'एएस फोर हंड्रेड'च म्हणतात आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

मग एकेक ग्राहक विचारू लागला, हेच ब्राउझरमध्ये दिसेल का? त्या काळी सगळे देत तेच उत्तर आम्हीही दिलं: ५२५० चा, म्हणजे या मशीनच्या टर्मिनलचा हिरव्या अक्षरांचा पडदा पकडायचा आणि त्यावर एचटीएमएलचा मुलामा चढवायचा. त्याच २४ ओळी, तेच ८० रकाने, फक्त बटणं रंगीत. डेमोत वाहवा व्हायची. पण मूळ पडद्यावरचं एखादं फील्ड जरा सरकलं की वरचं पान कोलमडायचं, आणि आतली वाट तीच राहायची: मेनू, उपमेनू, एफ३ दाबून बाहेर. पैसे मिळाले, काम मनाला पटलं नाही.

खरी सुरुवात झाली ती प्रोग्रॅम फोडायला घेतल्यावर. जुन्या आरपीजी प्रोग्रॅममध्ये पडदा दाखवणं, फाइल वाचणं आणि धंद्याचे नियम एकमेकांत गुंतलेले असतात. कुणाला किती सवलत, उधारी कुठे थांबवायची, अर्धवट आलेल्या मालाचं बिल कसं करायचं, हे सगळं तिथेच. हे नियम सोडवून सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इतर प्रोग्रॅमना बोलावता येईल अशा सामायिक प्रोग्रॅममध्ये, ठेवायचे, त्यावर एसक्यूएलची स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमधून बोलावता येणारं काम) बसवायची आणि ती रेस्ट एपीआयमधून, म्हणजे वेबवरून माहिती मागायच्या-द्यायच्या दारातून, वापरायची. म्हणजे ब्राउझर, मोबाइल आणि हिरवा पडदा, तिघांनाही उधारीचं उत्तर एकाच ठिकाणाहून मिळतं. 'सगळं नव्याने लिहून काढा' म्हणणारे सल्लागार आमच्या ग्राहकांना नेहमी भेटतात. वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला नियम पुन्हा लिहून नेमकं कुणाचं भलं होतं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

२०१४ मध्ये या मशीनवर नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय) आलं आणि २०१८ मध्ये यम-आरपीएम या पॅकेज बसवायच्या साधनामुळे ओपन सोर्सची पॅकेजेस सहज बसवता येऊ लागली. तेव्हापासून वेबचा थर वेगळ्या सर्व्हरवर ठेवलाच पाहिजे असं उरलं नाही.

अडचणी मात्र भलत्याच ठिकाणी निघतात. पहिल्याच एपीआयचं उत्तर उघडलं तर ग्राहकाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं आणि त्यांच्यामागे ईमेलमधल्या 'ॲट'च्या चिन्हांची रांग. एब्सिडिक या आमच्या मशीनच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत रिकाम्या जागेचा कोड हेक्स ४०, आणि वेबकडच्या आस्की पद्धतीत हेक्स ४० म्हणजे नेमकं ते 'ॲट'चं चिन्ह. फाइलवर सीसीएसआयडी (अक्षरं कोणत्या पद्धतीत आहेत ते सांगणारा क्रमांक) ६५५३५, म्हणजे 'रूपांतर करू नका' अशी आज्ञा, आणि सिस्टिम ती इमानदारीने पाळत होती. तारखांचंही तसंच. ११५०३३१ हा आकडा वेबवाल्या मुलाला फोन नंबरचा तुकडा वाटतो. तो असतो ३१ मार्च २०१५. पहिला १ शतकाचा.

त्याहून चिवट प्रश्न लॉकचा. हिरव्या पडद्यावर बदलासाठी रेकॉर्ड वाचलं की ते काम होईपर्यंत अडकलेलं राहतं, आणि माणूस समोरच बसलेला असतो. ब्राउझरमध्ये माणूस टॅब बंद करून चहाला जातो. त्यामुळे वेबच्या कामात आम्ही रेकॉर्ड धरून ठेवत नाही. वाचताना बदलाची वेळ टिपून ठेवतो आणि लिहिताना ती पडताळतो. मध्ये कुणी हात लावला असेल तर नवी माहिती दाखवून पुन्हा विचारतो. कनेक्शन पूलमधले, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचे, जॉब (मशीनवर चालू असलेली कामं) एका विनंतीनंतर दुसऱ्या विनंतीसाठी वापरले जातात, म्हणून लायब्ररी लिस्ट (फाइली कुठे शोधायच्या ती यादी) आणि क्यूटेम्प (जॉबची तात्पुरती जागा) दर वेळी साफ करणं आलं. वर जॉब लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, शोधायला जावं तर सगळ्या जॉबचं नाव एकच, क्यूझेडडीएएसओआयएनआयटी! वापरणाऱ्याचं नाव नोंदवण्याची सोय पहिल्या दिवशीच करून ठेवावी.

सगळ्यात कडक परीक्षा घेतात त्या ऑर्डर भरणाऱ्या मंडळी. त्या पडद्याकडे बघतही नाहीत. पुढचा पडदा यायच्या आत पुढच्या दोन फील्डची माहिती टाइप करून मोकळ्या होतात, कीबोर्ड ती साठवून ठेवतो. अशा बाईंसमोर माउसने उघडायची ड्रॉपडाउन ठेवली की त्या सरळ विचारतात, "अहो, आधीचं काय वाईट होतं?" म्हणून आमच्या वेब फॉर्ममध्ये एंटर, टॅब आणि फंक्शन की जुन्यासारख्याच चालतात, आणि ज्यांना हिरवा पडदाच हवा त्यांच्यासाठी तो चालू ठेवतो.

नवी मुलं येतात ती जावास्क्रिप्ट शिकून. आरपीजी म्हटलं की सहाव्या रकान्यातलं अक्षर मोजायचं, असं त्यांनी ऐकलेलं असतं. आता आरपीजी व्हीएस कोड या त्यांच्या ओळखीच्या एडिटरमध्ये, पहिल्या रकान्यापासून मोकळं लिहिता येतं हे दाखवलं की ती जरा सैलावतात. तरी सुरुवातीला आम्ही त्यांना एपीआय लिहायला देत नाही. आधी ऑर्डर विभागात बसवतो, हिरव्या पडद्यावर स्वतःच्या हाताने नोंदी करायला लावतो आणि मगच फॉर्मची मांडणी त्यांच्याकडे सोपवतो.