फडकं चुकीच्या जागी

सरांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीची जुनी इग्निशन कॉइल, प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी, तेल गाळायला लागली म्हणून मार्चमध्ये मीच ती बदलली होती. दुकानात मिळाली तीही तशीच दिसणारी, तोच गोल डबा, वर बारा व्होल्ट छापलेलं. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर गाडी खंबाटकी घाट चढेना.

थंड असताना अर्ध्या सेल्फला चालू व्हायची. पुण्याहून साताऱ्याला येताना मात्र निम्म्या घाटात आचके द्यायची आणि बंद. सर बॉनेट उघडून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, अर्धा तास थांबायचे, की गाडी मुकाट चालू. पद्मिनीवाल्यांना हे फडकं नवीन नाही. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीने पेट्रोलची वाफ होते, पंप ओढत नाही. निवला की ओढतो. म्हणून मीही दोनदा पंपच उघडला. एकदा त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, बदलला. पैसेही घेतले.

जूनमध्ये सर पुन्हा आले. जाता जाता म्हणाले, "अरे, या खेपेला धो धो पाऊस. फडकं टाकायला उतरलोच नाही मी. तरी अर्ध्या तासाने झाली चालू."

मी हातातला पाना खाली ठेवला.

बॉनेट लावून गाडी गॅरेजमध्येच चालू ठेवली. पंचविसाव्या मिनिटाला आचके. बंद पडल्यावर कॉइलला हात लावला तो चटका बसून मागेच आला. कॉइलची मधली जाड वायर प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून काढून पकडीने ब्लॉकजवळ धरली आणि पोराला सेल्फ मारायला लावला. ठिणगी पिवळी, मरतुकडी. चट् आवाज करणारी निळी नाहीच. इग्निशन बंद करून सरांचं तेच फडकं ओलं करून कॉइलला गुंडाळलं. दहा मिनिटांत गाडी चालू. सर माझ्याकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मीटर काढला. इग्निशन चालू, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले, तरी कॉइलच्या प्लसवर साडेअकरा व्होल्ट. म्हणजे वाटेत करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर नाही. असता तर सहा-सातच दिसले असते. इग्निशन बंद केलं, वायरी सोडवून कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलमध्ये मोजलं: १.६ ओहम. भंगाराच्या डब्यातून जुनी हुडकली, तेलकट होती पण मीटरला बोलली: ३.१.

इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट असतात. पॉइंट मिटले की जुनीतून साडेचार अँपिअर जायचे, नवीतून जवळजवळ नऊ. ती कॉइल बॅलास्टवाल्या गाडीची. तिथे सेल्फ मारताना पूर्ण व्होल्ट मिळतात, नंतर बॅलास्ट करंट आवरतो. सरांच्या गाडीत आवरणारं कोणी नाही. पॉइंट उघडून बघितले, जळून काळे पडलेले आणि एका बाजूला खड्डा.

दुकानात या वेळी मीटर घेऊनच गेलो. काउंटरवरचा म्हणाला, "ही घ्या, जास्त पॉवरची आहे." आता जास्त पॉवरची म्हणजे बहुतेक कमी ओहमची, पण ते सांगत बसलो नाही. तीन पेट्या उघडायला लावल्या. तिसरीला मीटर ३.२ दाखवत होता. दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.२ यायचे, ते वजा केले. बरोबर ३. घेतली. पॉइंट आणि कंडेन्सरही नवे टाकले. प्लस इग्निशनच्या वायरला, मायनस डिस्ट्रिब्युटरला, हे दोनदा तपासलं.

मजुरी घेतली नाही, डायफ्रॅमचे पैसेही परत केले. सरांनी ते मोजून खिशात घातले.

पुढच्या रविवारी सुरूर फाट्यावरून त्यांचा फोन आला. मागे एसटीचा हॉर्न वाजत होता.

"घाट चढून आलो रे. कुठे थांबलो नाही." मग जरा थांबून म्हणाले, "फडकं डिकीत आहे अजून. असू दे."

"असू द्या सर," मी म्हटलं.

१.६ची कॉइल माझ्या फळीवर आहे. तिच्यावर मार्करने आकडा लिहून ठेवलाय.